पुढची फळी

१

मोटर सुरू झाली की आधी धार बघायची आणि मग देवाचं नाव घ्यायचं, हा पाखोमीच्या घरचा क्रम. बोटीच्या मागे टांगलेली मोटर खालून पाणी ओढते, आपल्या तापलेल्या अंगातून फिरवते आणि बाजूच्या एका भोकातून बाहेर टाकते. ती धार करंगळीएवढी जाड असली की सगळं ठीक. बारीक झाली की मोटर तहानली समजा, आणि तहानलेली मोटर फार वेळ जगत नाही. पाखोमी रोज सकाळी त्या धारेत बोटं धरायचा. पहिलं बोट अर्धंच होतं, उरलेलं त्यानं तरुणपणी कुठल्याशा मोटरीच्या पंख्याला दिलं होतं. धार त्या बोटांवर फुटायची, पाणी इकडेतिकडे उडायचं, तो कोमट पाणी चोळून बघायचा, मान डोलवायचा आणि दोन बोटांनी छातीवर क्रूस काढायचा. त्यानंतरच बोट सुटायची.

उस्तिन्या हे सगळं उभा जन्म पुढच्या फळीवर बसून बघत आली. नवरा मागे हँडलशी, ती पुढे, तोंड त्याच्याकडे करून, मांडीवर टोपली. हँडल तिच्या हातात कधी आलं नाही. मागितलं की तो दाढीतल्या दाढीत हसायचा. म्हणायचा, "तुझ्या हातात दिलं तर थेट कबरस्तानातच नेशील मला."

ऑगस्ट सरता सरता पाखोमी अंगणात जाळं विणताना बसल्या जागी गेला. आणि उस्तिन्यानं त्याला खरोखरच नेलं. स्वतः मोटर चालवून, थेट कबरस्तानात.

त्यांच्याकडे मयताला मोटर लावत नाहीत. डॅन्यूबच्या मुखाशी, बोरूच्या रानात राहणारी ही जुन्या धर्माची रशियन माणसं, त्यांचं सगळं पाण्यावरून चालतं, मयतसुद्धा. शवपेटी बोटीच्या पुढच्या फळीवर टेकवायची, वल्ही मारत, पाणी न खवळता, वाळूच्या उंचवट्यावरच्या कबरस्तानात न्यायची. माती देऊन झाली की ती फळी बोटीतून ठोकून काढायची आणि तिथेच काठावर टाकून यायची. मेलेल्याची बसायची जागा बोटीत ठेवायची नाही, एवढंच. त्या काठावर अशा फळ्यांचा मोठा ढीग आहे. पावसानं काळ्या पडल्यात, काहींवर शेवाळ चढलंय. हिवाळ्यात जळण संपलं तरी त्यांना कोणी हात लावत नाही.

पण त्या दिवशी ऊन मरणाचं होतं, वल्ही मारणारे दोघं दुपार झाली तरी आले नव्हते, आणि मढं किती वेळ ठेवणार? उस्तिन्यानं मोटरीची दोरी ओढली, धार बघितली आणि निघाली. मागच्या बोटींमधल्या लोकांनी तोंडं वाकडी केली. तिनं वळूनही पाहिलं नाही.

परत निघताना एवदोकीम हातोडी घेऊन फळीशी वाकला. एवदोकीम गावात मोटरी दुरुस्त करतो, पाखोमीचा लहानपणापासूनचा दोस्त. उस्तिन्यानं त्याचं मनगट धरलं.

"राहू दे ती."

"वहिनी, रीत आहे."

"बोट माझ्या बापाची आहे. ही फळी त्यानं स्वतःच्या हातानं रंधा मारून बसवली. लग्नात बोट आली ती ह्यांनी घेतली, हँडल ह्यांनी घेतलं. आता फळीपण द्यायची? नाही मिळणार."

एवदोकीमनं पाद्र्याकडे पाहिलं. पाद्री आभाळाकडे बघत होता. मग एवदोकीमनं हातोडी पिशवीत टाकली.

२

उस्तिन्याचं घर कालव्याच्या पार टोकाला, एकटं. निळ्या खिडक्या, बोरूचं छप्पर, मागे भाजीचा वाफा. तिथून गावात जायचं तर बोट, दुसरा रस्ताच नाही. पीठ, मीठ, चहा, चर्च, दोन माणसांची तोंडं, सगळं कालव्याच्या त्या टोकाला. अर्ध्या वाटेवर एक फाटा फुटतो, तो कबरस्तानाकडे जातो.

माती दिल्यानंतर ती पहिल्यांदा पीठ आणायला निघाली तेव्हा सकाळ झकास होती. पाणकावळे खांबांवर पंख वाळवत बसले होते. मोटर नीट बोलत होती. हँडल हातात धरून, रुमाल मागे ढकलून उस्तिन्या चक्क गुणगुणत होती. नवरा जाऊन दोन आठवडे झाले नव्हते, पण खोटं कशाला बोला, तिला मजा वाटत होती.

फाटा ओलांडला आणि मोटरीचा आवाज बदलला. आधी जरा चढला. मग किंचाळल्यासारखा झाला, जणू पंख्याला पाणी लागतच नव्हतं. उस्तिन्यानं मागे पाहिलं. धार दोऱ्याएवढी झाली होती. मग थेंब. मग तेही नाहीत. झाकणाखालची, मोटर फार तापली की वाजणारी शिट्टी वाजायला लागली आणि तापल्या रंगाचा वास आला. तिनं घाईनं मोटर बंद केली.

थांबली. गार होऊ दिली. सुरू केली, धार आली, हात दोन हात गेली की पुन्हा तेच. शेवटी एवदोकीम जाळ्यांवरून परतत होता, त्यानं दोरी टाकली आणि ओढत गावात नेलं. वाटेत तो दोनदा मागे वळला.

"वहिनी, काय भरलंय बोटीत? दगड?"

बोटीत रिकामं पोतं होतं, एक टोपली आणि उस्तिन्या.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच झालं. त्याच जागी. पुन्हा दोरी, पुन्हा धक्क्यावर बघे. आणि या वेळी धक्क्यावर साव्हेली उभा होता.

साव्हेली तिचा एकुलता एक मुलगा. तुलचा शहरात जहाजं रंगवण्याच्या कामावर आहे, चौथ्या मजल्यावर राहतो, घरात शिरताना आधी बूट काढायला लावतो. मुलगा वाईट नाही, फक्त काळजी केली की त्याचा आवाज वाढतो.

"आई, पुरे झालं. हिवाळ्यात कालवा गोठला आणि तू तिकडे आजारी पडलीस तर? मला कळणार कधी? वसंतात?"

"तोपर्यंत मी टिकते. थंडीत माणूस चांगलं टिकतं."

"चेष्टा नको. तुझ्याच्यानं मोटर सांभाळली जात नाही."

हे तिला लागलं. असं लागलं की ती काही बोललीच नाही, आणि उस्तिन्या गप्प बसली की साव्हेलीला धडकी भरते. तो जरा नरमला.

"बरं, ऐक. पोक्रोवला तू स्वतः मोटर चालवत ये. कोणी दोरी न टाकता. तशी आलीस तर मी तुझ्या राहण्याबद्दल पुन्हा तोंड उघडणार नाही. आणि ओढत आणावी लागली, तर त्याच दिवशी सामान बांधून माझ्याकडे यायचं."

पोक्रोव म्हणजे देवमातेच्या पदराचा सण, ऑक्टोबरात, त्यांच्या चर्चची जत्राच. सगळं गाव धक्क्यावर असतं.

"क्रूस काढून सांग," उस्तिन्या म्हणाली.

त्यानं काढला.

३

एवदोकीमनं मोटर बोटीवरून उतरवून उस्तिन्याच्या अंगणातल्या लाकडी घोडीवर टांगली. तो काम करताना मोटरीशी बोलतो, माणसांशी नाही. उस्तिन्यानं बाजूला चहाचा समोवार मांडला, माशाचा रस्सा शिजत ठेवला, आणि त्याच्या खांद्यावरून बघत राहिली.

पाणी ओढायची जाळी तपासली. गवताचं एक पान निघालं, तेवढ्यानं मोटर मरत नाही. धारेच्या भोकात तार घातली. मोकळं होतं. खालचा भाग उघडून पाणी ढकलणारा रबरी पंखा काढला, पाकळ्या बोटानं वाकवून पाहिल्या.

"चांगला आहे. तरी बदलतो. उगीच नंतर बोल नको."

थर्मोस्टॅट राहिला होता. पाणी तापलं की उघडणारी ती छोटी झडप, ती अडकली तर पाणी फिरत नाही. त्यानं ती दोऱ्याला बांधली आणि उस्तिन्याला विचारल्याशिवाय रश्शाच्या पातेल्यात सोडली.

"अरे, माझा रस्सा."

"उकळतंय ना? मग झालं."

झडप उकळत्या रश्शात छान उघडली. बाहेर काढली की मिटली. दोघांनी तीनचार वेळा हा खेळ केला. नंतर त्यानं तो रस्सा दोन वाडगे प्यायला आणि झडपेमुळे चव आली म्हणाला.

मग पिंप. मोठ्या पिंपात पाणी भरून मोटरीचं खालचं टोक त्यात बुडवलं आणि सुरू केली. धार अशी फुटली की कोंबड्या पळाल्या. उस्तिन्यानं तेवढ्या वेळात एक बदक सोलून संपवलं, तरी मोटरीला हात लावला तर साधी कोमट.

"हिला काहीही झालेलं नाही," एवदोकीम हात पुसत म्हणाला. "कालव्यात काय करतेस तू हिच्याबरोबर?"

"काय करणार? हँडल धरते."

"मी येतो बरोबर. बघू."

४

दुसऱ्या दिवशी निघाले. एवदोकीम बोटीच्या मधोमध, पालथ्या बादलीवर बसला, मोटरीकडे तोंड करून. पुढच्या फळीवर बसायला त्यानं नकार दिला. म्हणजे तोंडानं काही बोलला नाही, फक्त बादली शोधून आणली.

फाट्यापर्यंत तो धारेवरून नजर हलवत नव्हता. "बघ, कशी चाललीय," मध्येच म्हणाला. "म्हातारा उगीच नव्हता जपत हिला."

फाटा आला. डावीकडे बोरूतून कबरस्तानाचं पाणी दिसलं, गढूळ, न हलणारं. गेलं. दोघंही ऐकत होते.

बोट झुकली.

धक्का नाही, हेलकावा नाही. माणूस काठावरून बोटीत पाय टाकतो तेव्हा ती जशी सावकाश एका बाजूला जाते तशी पुढे झुकली. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, चांगलं वीतभर खाली गेलं. आणि पुढचं खाली गेलं तसं मागचं वर आलं. उस्तिन्याला बसल्याजागी ते कळलं, तिच्या पायाशी पडलेलं वल्हं घसरत पुढे गेलं. मोटर वर उचलली गेली. पंख्यानं पाण्याऐवजी फेस कालवायला सुरुवात केली, आवाज किंचाळला, धार बारीक झाली.

एवदोकीमनं मान वळवली. आधी पाण्याची रेघ पाहिली. मग फळीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग वळला आणि मोटर बंद करण्याची खूण केली.

शांततेत बोरू सळसळत होता. बोट तशीच, नाक खाली घालून, तरंगत होती.

"जाळी पाण्याबाहेर येतेय," एवदोकीम अगदी हळू, अगदी कामाच्या आवाजात म्हणाला. "मोटर हवा ओढतेय. म्हणून तापते. मोटर चांगली आहे, वहिनी. वजन पुढे आहे."

"पुढे काय आहे?"

"ते मला विचारू नकोस."

"नाळेत पाणी झिरपत असेल. लाकूड जुनं आहे."

"असेल," तो म्हणाला, पण जाऊन बघायला उठला नाही. त्यानं दोन्ही वल्ही काढली आणि बोट उलटी, मागच्या बाजूनं, घराकडे वल्हवायला लागला. फाटा पुन्हा आला तेव्हा त्यानं डोळे मिटले होते. फाट्याशी बोट हलकेच उचलली गेली आणि सरळ झाली.

घराशी उतरल्यावर त्यानं पिशवीतून तीच हातोडी काढली.

"दे ती फळी. मी नेऊन टाकतो. नवीन बसवून देतो, माझ्याकडची."

उस्तिन्यानं फळीकडे पाहिलं. कोरड्या बोटीत, कोरड्या दिवसात, फळीचा मधला भाग ओला होता. माणूस बसतो तेवढाच. 

"नाही," ती म्हणाली.

"अगं, कशाला हा हट्ट? एका लाकडासाठी?"

"एका लाकडासाठी नाही रे. हे मेले तरी मीच उठायचं का? घरातून उठायचं, बोटीतून उठायचं, बापाची फळीपण उचलून द्यायची. एकदा तरी त्यांनी उठावं की."

एवदोकीमनं हात टेकले. गावाकडे जाताना त्यानं एकदाही मागे पाहिलं नाही, आणि फाट्याजवळ त्याच्या मोटरीचा आवाज खूप वाढलेला तिला घरापर्यंत ऐकू आला.

५

सणापर्यंतचे दिवस उस्तिन्यानं डोकं चालवण्यात घालवले. ती काही वेडीबिडी नव्हती. नाळेच्या पोकळीत हात घालून तिनं कोपरा न् कोपरा चाचपला, लाकूड खडखडीत कोरडं होतं. डांबर पुन्हा लावलं. तळाला गवत, शंख काय चिकटलं असेल ते खरवडलं. फाट्याशी कबरस्तानाचं पाणी येऊन मिळतं, तिथं काहीतरी ओढ असणार, असं स्वतःला पटवलं. पटलं नाही. ओढीनं फळी ओली होत नाही.

ती उन्हात पुसून ठेवलेली फळी रोज बघायची. अंगणात ओढून ठेवलेल्या बोटीत ती कोरडीच राहायची. एकदा दुपारी ती मुद्दाम जाऊन तिच्यावर बसली, नेहमीसारखी, तोंड मागे करून. समोर मोटर, हँडल, आणि हँडलशी कोणी नाही. तिथून बघताना तिला वाटलं, आपण इतकी वर्षं इथं बसून नेमकं काय बघत होतो? त्याची दाढी, त्याचे बूट, आणि हँडलवरचा तो हात. कालव्याचा पुढचा भाग तिनं कधी पाहिलाच नव्हता. जे येऊन गेलं तेवढंच तिला दिसायचं.

रडू आलं. दुःखाचं होतं की रागाचं, तिलाही सांगता आलं नसतं. थोडं थोडं दोन्ही असावं, कारण माणूस तो वाईट नव्हता. हिवाळ्यात तिचे बूट तो चुलीशी ठेवायचा. फक्त हँडल द्यायचा नाही.

मग ती उठली आणि वाळूची पोती भरायला लागली. पुढे वजन आहे ना? मग मागेही वजन. यात भुताखेताचा काय संबंध, साधी तराजूची गोष्ट आहे. तिनं पोती हँडलशेजारी रचली, एवढी की बोट पाण्यात ढकलली तेव्हा नाळ बदकासारखी वर आली.

"बसा आता कुठे बसायचं ते," ती मोठ्यानं म्हणाली. अंगणात कोंबड्यांशिवाय कोणी नव्हतं.

६

पोक्रोवच्या सकाळी धुकं नव्हतं, आभाळ स्वच्छ होतं. तिनं फुलाफुलांचा रुमाल बांधला, कंबरपट्टा घातला, टोपलीत खसखशीचा रोल ठेवला साव्हेलीसाठी. मोटर पहिल्या ओढीला सुरू झाली. धार करंगळीएवढी. तिनं दोन बोटांनी क्रूस काढला आणि निघाली.

फाटा येईपर्यंत चर्चच्या घंटा ऐकू यायला लागल्या होत्या. बोरू पिवळा पडला होता. तिनं वेग कमी केला नाही, डावीकडे पाहिलं नाही.

बोट झुकली.

तिनं दात आवळले. पोत्यांमुळे नाळ वर होती, ती खाली आली, पाण्याला टेकली. थांबली. उस्तिन्याचा जीव भांड्यात पडला, मोटर अजून नीट बोलत होती. आणि मग नाळ पुन्हा खाली जायला लागली. सावकाश, मुकाट. तिनं जेवढं मागे रचलं होतं तेवढं कोणीतरी पुढे मोजून घेत होतं. वीतभर गेली. आणखी गेली. पाणी कडेच्या वरच्या पट्टीला लागलं. फळीवरचं कोरडं लाकूड तिच्या डोळ्यांदेखत काळं पडत गेलं, मधून कडेला.

मोटर किंचाळली. धार थेंबांवर आली. शिट्टी.

कालव्याच्या टोकाला धक्का दिसत होता. माणसं दिसत होती, रंगीत रुमाल, पांढऱ्या दाढ्या. एक काळं जॅकेट पुढे येऊन उभं राहिलं, तो साव्हेली. त्यानं डोळ्यांवर हात धरला होता. त्याच्या शेजारी कोणीतरी आपल्या बोटीत उतरून दोरी गोळा करायला लागलेला तिला स्पष्ट दिसला.

ती दोरी बघितली आणि उस्तिन्याच्या अंगाचा तिळपापड झाला. भीती होती, नाही कशाला म्हणा. पण राग तिच्याहून मोठा होता.

"मी उभा जन्म तिथं बसले," ती फळीकडे बघत म्हणाली. "मोटर कधी तापली नाही. तू बसलास की तापते. कारण तुला बसताच येत नाही तिथं."

लग्न झाल्यापासून तिनं त्याला कधी तू म्हटलं नव्हतं.

फळीवर काही नव्हतं. ओलं लाकूड होतं, आणि पलीकडे ऊन. पण त्या ओल्या लाकडाच्या वरची हवा तिला बघवत नव्हती. डोळे तिथं गेले की आपोआप बाजूला सरकत होते.

तापल्या रंगाचा वास दाटला. आता बंद केली नाही तर मोटर जाते, आणि बंद केली तर दोरी येते. एवदोकीमचा कामाचा आवाज तिला आठवला. वजन पुढे आहे. मग उपाय एकच होता, आणि तो तिला पहिल्या दिवसापासून माहीत होता. पोती रचताना, डांबर लावताना, सगळा वेळ ती त्याच्यापासून पळत होती.

तिनं वाकून पोती एकेक करून पाण्यात लोटली. आपल्या शेजारची जागा मोकळी केली.

"मागे ये," ती म्हणाली. "इथं. माझ्याशेजारी."

क्षणभर काही झालं नाही. मग बोट मधोमध दबली. माणूस बोटीत वाकून, कडा धरत चालतो तशी ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे डुलली. टोपली कोणाचा तरी पाय लागल्यासारखी सरकली. नाळ उचलली गेली, वर, आणखी वर. मोटर पाण्यात बुडाली आणि तिचा आवाज खाली उतरून भरदार झाला. शिट्टी थांबली. धार फुटली.

उस्तिन्याच्या उजव्या बाजूला थंडी बसली. ओल्या लोकरीचा वास आला, डांबराचा, आणि वाळूचा. तिनं मान वळवली नाही. समोर धक्का होता, तिकडेच बघत राहिली.

हँडल हाताखाली जड झालं. आधी वाटलं, प्रवाह आहे. मग हँडल वळायला लागलं, हळूहळू, समजुतीनं, जसं लहान मुलाच्या हातातून काही काढून घ्यावं तसं. नाळ धक्क्यावरून ढळली. बोरूकडे गेली. आणखी वळली असती तर बोट पुरती फिरून फाट्याच्या वाटेला लागली असती.

तेव्हा तिनं खाली पाहिलं. तिच्या मुठीवर दुसरी मूठ होती. एवढंच तिनं पाहिलं, फार वेळ नाही. पाण्यात राहिल्यासारखी पांढरी पडलेली कातडी, आणि पहिलं बोट अर्धं.

"हात काढ," उस्तिन्या म्हणाली.

मूठ हलली नाही.

"बसायचं तर बस. फळी दिली नाही मी, तेव्हा जागा तुझी आहे, ठीक आहे. बस. पण हे माझं आहे. हात काढ."

तिनं सगळ्या अंगाचा भार घालून हँडल ओढलं. खांद्यात कळ गेली. बोट कडेवर कलली, पाणी आत आलं. ती सोडत नव्हती. तोंडानं काय काय बोलत होती ते तिचं तिलाच माहीत नव्हतं, प्रार्थना होती की शिव्या होत्या, बहुतेक शिव्याच.

मग हँडल हलकं झालं.

७

ती धक्क्याला लागली. दोरी गोळा करणारा दोरी हातात धरून तसाच उभा होता. एवदोकीम गर्दीच्या मागे होता. त्यानं बोटीकडे एकदा पाहिलं, तिच्या मागच्या बाजूकडे पाहिलं, आणि टोपी काढली.

साव्हेलीचा चेहरा उतरला होता आणि खुललाही होता. "आलीस की," तो म्हणाला. "मध्ये काय झालं? मला वाटलं, बोट उलटते."

"हँडल जरा जड आहे. सवय होईल."

"मोटर तर मस्त बोलतेय."

"एवदोकीमनं रश्शात शिजवलीय."

लोक हसले, गर्दी सैल झाली. उस्तिन्या दोन्ही हातांनी बोट खांबाला बांधत होती. मोटर तिनं अजून बंद केली नव्हती, तापल्यावर थोडा वेळ नुसती चालू ठेवावी लागते. बाजूच्या भोकातून धार सरळ, जाड, पाण्यात पडत होती.

आणि मग ती हवेतच फुटली. इकडेतिकडे उडायला लागली, कोणी त्यात बोटं धरावीत तशी. थोडा वेळ फुटत राहिली. मग पुन्हा सरळ झाली.

साव्हेली बघत होता. त्याच्या कपाळाला आठी पडली. लहानपणी त्यानं ते रोज पाहिलं होतं.

"आई, धार..."

"ठीक आहे धार. कोमट आहे." तिनं मोटर बंद केली.

चर्च झालं, जेवणं झाली. साव्हेलीनं शब्द पाळला, राहण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. पण ऊन कलायच्या आत ती निघाली तेव्हा तो धक्क्यापर्यंत आला, जॅकेटची चेन ओढून घेत.

"मी येतो बरोबर घरापर्यंत. सकाळी परत येईन कोणाबरोबर तरी. बोलायचं नाहीये काही, नुसता येतो."

त्यानं एक पाय बोटीत टाकायला उचलला. उस्तिन्यानं त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला थांबवलं. 

"बोटीत जागा नाही," ती म्हणाली.

साव्हेलीनं बोटीकडे पाहिलं. रिकामी बोट. पुढची फळी कोरडी, उन्हात. नाळ वर उचललेली, आणि मागची बाजू पाण्यात खोल, दोन माणसांएवढी.

त्यानं पाय मागे घेतला.

उस्तिन्या बोटीत उतरली, टोपली पुढच्या फळीवर ठेवली, दोरी ओढली. धार बघितली. मग हँडल धरून उभी राहिली आणि शेजारी बघत म्हणाली,

"सरकून बस."